हंगाम पाहून भरणारी शाळा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा संपादित भाग)



मेळघाटातील एका कोरकू गृहस्थाने मला आपले संगणक प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र दाखविले होते. प्लास्टिकच्या पिशवीत घालून छपराच्या वाशाला अडकविलेले. ‘याचा उपयोग काय झाला?’ या माझ्या प्रश्नावर तो नुसता हसला. त्या वर्षी दिवाळी होताच तो बायकामुलांसह वीटभट्टीवर गेला होता.

दोष कोणाचा? त्याच्या बुद्धीचा खचितच नाही. त्याला शिकविले गेले मराठीतून. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा, गोंडी द्राविड कुळातील. मराठीशी दोहींचेही नाते नाही. 2017 साली सुरू झालेल्या आणि 2024 साली संपलेल्या प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानात 14 ते 60 वयोगटासाठी वीस तासांचा अभ्यासक्रम होता. सहा कोटींहून अधिक लोकांना त्याचे प्रशिक्षण मिळाले. काम मोठेच. परंतु त्याचे साहित्य आठव्या अनुसूचीतील 22 भाषांत होते. संथाळी 2003 च्या घटनादुरुस्तीने त्या सूचीत आली. गोंडी, भिली, कोरकू अद्याप बाहेरच आहेत. 2011 च्या जनगणनेनुसार अनुसूचित जमातींतील साक्षरता सुमारे 59 टक्के होती. ज्याने आयुष्यात अक्षर गिरविले नाही, त्या प्रौढाला पडद्यावरचा मजकूर परभाषेत वाचायला देणे, हे शिक्षण की परीक्षा?

उपाय नाहीत असे नव्हे. 2010 साली छत्तीसगढमध्ये सुरू झालेल्या ‘सीजीनेट स्वर’ने साध्या भ्रमणध्वनीवर बोलून बातमी, तक्रार नोंदविण्याची सोय केली, वाचता न येणारा गोंडी भाषकही त्यात बोलू लागला. कान आणि वाणी हीच ज्याची विद्या, त्याच्या हाती आपण आधी पाटी का देतो? 2025 साली जनजातीय कार्य मंत्रालयाने ‘आदि वाणी’ हे भाषांतराचे साधन आणले. त्यात भिली आणि गोंडी आहेत, ही आनंदाची गोष्ट. कोरकूची वाट पाहू.

पण भाषा सुटली तरी हंगाम उरतोच. मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल, पाठोपाठ तेंदूपाने, जूनमध्ये पेरणी आणि कापणी आटोपली की स्थलांतर. आपली प्रशिक्षण सत्रे मात्र आर्थिक वर्षाच्या हिशेबाने चालतात. निधी मार्चअखेर खर्ची पडला पाहिजे म्हणून ऐन मोहाच्या दिवसांत वर्ग भरतो आणि मग ‘लोक येत नाहीत’ असा शेरा! दुर्गम भागात दूरशिक्षणाचे खरे सामर्थ्य इथेच आहे. धडा फोनमध्ये साठविलेला असेल, तर तो रात्री शेकोटीजवळ ऐकता येतो, वीटभट्टीवरही सोबत नेता येतो. मनोऱ्याची लहर टिकत नाही, हे गृहीत धरूनच तो रचला पाहिजे. सदैव जोडणी मागणारी शिकवणी तिथे निरुपयोगी.

आणि शिकवायचे काय? शहरातील कॉल सेंटरची वाट दाखवून आपण गाव रिकामे करणार का? गडचिरोलीतील मेंढा-लेखा ग्रामसभेला 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि 2011 साली बांबूचे वाहतूक परवाने देण्याचा अधिकार तिच्या हाती आला. आज ज्या ग्रामसभा तेंदूपानांचा लिलाव स्वतः करतात, त्यांना निविदा समजणारा, करकपात कळणारा, रोजकीर्द लिहिणारा, वनहद्द उपग्रहाच्या साहाय्याने मोजणारा माणूस हवा असतो. ही नोकरी गावातच आहे, आणि ती न शिकविल्यामुळे बाहेरचा दलाल तिथे येऊन बसतो. हिशेब न कळणाऱ्या ग्रामसभेचा हक्क कागदावरच राहतो, हे मी कटुतेने नव्हे, पाहून सांगतो.

इथे बसलेल्यांत लेखापाल आहेत, बँकेतून निवृत्त झालेले आहेत, ध्वनिमुद्रण जाणणारे तरुण आहेत. सुट्टीत ‘सेवा’ म्हणून दोन दिवस जाऊन छायाचित्रे काढून येणे पुष्कळ झाले. तुमच्यापैकी एका लेखापालाने आणि एका कोरकू तरुणाने मिळून रोजकीर्दीचे दहा-दहा मिनिटांचे बारा धडे कोरकूत मुद्रित करावेत. बोलेल तो तरुण. लेखापालाने फक्त आकडे तपासावेत. पावसाळ्यात काम संपवा, म्हणजे दिवाळीला निघणाऱ्यांच्या फोनमध्ये ते भरून देता येतील. नावे आजच चहाच्या वेळी माझ्याकडे द्या.