श्रमिकांच्या घरातील बालसंगोपन

(नवी मुंबईतील अंगणवाडी सेविका व शिक्षक यांच्यासमोर केलेले भाषण)



तुर्भे, दिघा, रबाळे येथील वस्त्यांतून काम करणाऱ्या आपणांस गरिबीचे वर्णन ऐकविण्याची आवश्यकता नाही. तथापि, “या पालकांना मुलांची काळजीच नाही” हे वाक्य आपल्यात वारंवार कानी पडते. आज त्याचाच विचार करावयाचा आहे.

अमेरिकेतील गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांविषयीही बराच काळ असेच बोलले गेले. १९६५ च्या मॉयनिहन अहवालाने त्या कुटुंबांच्या विस्कळीतपणावर बोट ठेवले. १९७२ मध्ये समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट हिल यांनी त्यांच्या सामर्थ्याचा शोध घेतला. नातलगांचा आधार, कष्टाची वृत्ती, प्रसंगी एकमेकांची कामे उचलण्याची तयारी, मुलांनी पुढे जावे ही ओढ आणि धर्मश्रद्धा, ही पाच बळे त्यांनी दाखवून दिली.

आपल्याकडे रामजी सुभेदारांचे उदाहरण आहेच. परळच्या चाळीत एकाच खोलीत कुटुंब राही. जागा अपुरी म्हणून ते भीमरावांना लवकर झोपवीत आणि रात्री दोन वाजता अभ्यासास उठवीत. पुस्तकांसाठी विवाहित मुलीचे दागिने गहाण ठेवीत व पेन्शन मिळताच सोडवीत. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले. घरात पैसा नव्हता. परंतु पालकत्वाची उणीव नव्हती.

हेच बळ आपल्या वस्त्यांतही आहे. कामाच्या शोधात नाक्यावर उभा राहणारा बाप मुलाच्या वह्यांसाठी पदरमोड करतो. थोरली बहीण धाकट्याला सांभाळते. मात्र त्यापायी तिची शाळा बुडत असेल, तर तेथे अंगणवाडीने हात दिला पाहिजे. मुलांशी रोज थोडे बोलावे, चांगल्या वागण्याचे कौतुक करावे, न मारता समजवावे, हे पालकांना जरूर सांगावे. पण आधी आपण ते पाळावे. शिक्षण हक्क कायदा, २००९ ने शाळेत शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली आहे.

याच कायद्यान्वये शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक असतात. परंतु सभा दुपारी अकरा-बारा वाजता ठेवली, तर रोजंदारीवरील पालकाचा त्या दिवसाचा रोज बुडतो. मग त्याच्या गैरहजेरीला आपण अनास्था म्हणतो! सभा सायंकाळी किंवा सुटीच्या दिवशी घ्यावी.

गृहभेटीस जाल तेव्हा “मुलासाठी तुम्ही काय करता?” हे आस्थेने विचारा. जे उत्तर मिळेल, तेथूनच आपल्या कामास प्रारंभ करावा, एवढीच विनंती.