गाडी रेंगाळते का?



टॅक्सीवाल्याची गाडी म्हणजे त्याचे शेतच. ती चालली तर घरची चूल पेटते. कुर्ल्याच्या कारखान्यातली पद्मिनी टॅक्सी मुंबईत २०२३ पर्यंत धावली. आता गाड्या नव्या आल्या. पण दुखणे तेच! लालबागच्या पुलावर चढताना गाडी ओढत नाही. मग काय करावे?

घाबरू नका. स्वस्त तपासणी आधी करा.

टायरांत हवा कमी आहे का? एअर फिल्टर धुळीने भरला का? भरला, तर इंजिनाचा श्वास कोंडतो.

इंजिन झटके देते? प्लग तपासून घ्या.

एकच चाक फार तापते? बहुधा ब्रेक सुटत नाही. चाकाला हात लावू नका, भाजेल.

इंजिन ओरडते, पण वेग वाढत नाही? क्लच घसरत असेल.

गॅसचा वास आला, तर मात्र गाडी तिथेच बंद करा. उतारूंना उतरवा. मिस्त्रीला बोलवा.

प्रत्येक दुरुस्ती वहीत लिहा : तारीख, किलोमीटर, काय बदलले, किती पैसे दिले. मिस्त्रीचे बिल स्वतः वाचा. ज्याला बिल वाचता येते, त्याला सहसा कोणी फसवीत नाही.