कच्चं मडकं पक्कं होतं तेव्हा

कळमनुरीकरांना नरसी आणि औंढा नागनाथ काही लांब नाहीत. स्वतःला घडवण्याची एक मोठी कथा आपल्या जिल्ह्यातल्या याच दोन गावांशी जोडलेली आहे.

संत नामदेवांचा जन्म १२७० सालचा, परंपरेनं नरसीचा. विठ्ठलाचे लाडके भक्त म्हणून त्यांचं नाव झालं होतं. आख्यायिका अशी, की संतमेळ्यात कुंभार असलेल्या संत गोरोबाकाकांनी मडकी घडवण्याच्या थापटण्यानं एकेकाचं डोकं ठोकून पाहिलं. बाकीचे गप्प बसले, नामदेव मात्र चिडले. मडकं कच्चं आहे, असा निकाल लागला. तो अपमान गिळून नामदेव औंढ्याला विसोबा खेचरांकडे शिकायला गेले. नाव झाल्यावरही विद्यार्थी होणं सोपं नसतं. पुढे ते पंजाबपर्यंत पोचले. त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत.

आपल्यालाही असं घडायचं असेल, तर परीक्षेचा अभ्यास असो, शेती असो की दुकान, एकच काम निवडा. मोबाइल बाजूला ठेवून रोज ठरलेल्या वेळी तासभर त्यालाच द्या. अधूनमधून जाणत्या माणसाकडून ते तपासून घ्या. आणि चूक दाखवली, तर रागावू नका. शिकणं तिथूनच सुरू होतं.