अंगठे धरा!



संयोजकांनी मला ‘शाळेतील शिस्त’ या विषयावर बोलायला सांगितलं आहे. वर्गात बोलते म्हणून जिला कायम उभं केलं जायचं, तिला आज बोलण्यासाठी उभं केलं आहे!

आपल्या वेळच्या शिक्षांची यादी छोटी होती, पण सगळ्यांना पाठ होती. गृहपाठ नाही, तर हातावर पट्टी. गोंधळ केला, तर बाकावर उभं. मस्ती वाढली, तर अंगठे धरून ओणवं, आणि मुलांसाठी खास कोंबडा. सगळ्यात भयंकर म्हणजे “उद्या वडिलांना घेऊन ये.” कारण त्यात शाळेतला मार संपला की घरचा सुरू व्हायचा. बोलक्या मुलींना मुलांच्या रांगेत बसवायचे. दोन दिवसांत ती मुलंही बोलकी व्हायची.

‘मी वर्गात बोलणार नाही’ हे शंभर वेळा लिहायची शिक्षा आठवते? शहाणी मुलं आधी एकाखाली एक शंभर ‘मी’ लिहायची, मग शंभर ‘वर्गात’. पुढे इंजिनिअरिंगला ‘लूप’ शिकवला, तेव्हा मला त्यात नवीन काहीच वाटलं नाही. उठाबशांचंही तसंच. शाळेत त्या फुकट मिळायच्या. आता जिममध्ये त्यांना स्क्वॉट म्हणतात आणि वर फी भरावी लागते.

आता काळ बदलला. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. तारीख एप्रिल फूलची असली तरी ती थट्टा नव्हती. त्याच्या कलम १७ ने मुलांना शारीरिक शिक्षा करायला आणि मानसिक त्रास द्यायलाही बंदी घातली. माझ्या मुलाला हे कलम पाढ्यांपेक्षा चांगलं पाठ आहे. अभ्यासाचं विचारलं की म्हणतो, “आई, हा मानसिक त्रास आहे.” मी सांगते, “कायदा शाळेसाठी आहे, घरासाठी नाही,” आणि वायफाय बंद करते. मग तो शेजारच्या काकूंकडे पासवर्ड मागायला जातो. एरवी शेजाऱ्यांशी दोन शब्द बोलत नाही, म्हणजे शिक्षेचा फायदा झालाच!

“मार खाल्ला म्हणूनच आपण घडलो,” असं सकाळपासून तिघा-चौघांनी म्हटलं. असेलही. पण असं म्हणणारे आपण सगळे दहावीपर्यंत टिकलेले. आपल्या वर्गात शेवटच्या बाकावर एक मुलगा बसायचा. पहाटे दुधाचा रतीब घालून यायचा, म्हणून रोज उशीर आणि रोज छडी. उशीर का होतो, हे छडी विचारत नसे. आठवीच्या दिवाळीनंतर तो आलाच नाही. आजच्या यादीतही त्याचं नाव नाही, कारण यादी दहावीची आहे.

त्याच शाळेत आपल्या गणिताच्या बाई होत्या. गृहपाठ न केलेल्यांना त्या शाळा सुटल्यावर थांबवायच्या आणि गणित सुटेपर्यंत स्वतःही शेजारी बसायच्या. घरी जायची घाई त्यांनाही असणारच. बाई, ती शिक्षा होती हे आम्हाला तेव्हा कळलंच नाही. गणित मात्र कळलं.

म्हणून संयोजकांना एक विनंती. पुढच्या मेळाव्याची यादी पाचवीच्या हजेरीपटावरून करा. मध्येच गळालेल्यांना आपण शोधून आणू. आणि ते उशिरा आले, तरी दाराबाहेर कुणाला उभं करायचं नाही.