नकाशावरचे गाव आणि गावातला नकाशा

(पालघर येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



ज्या नगरीत आपण जमलो आहोत, तेथे १४ ऑगस्ट १९४२ रोजी पाच जणांनी देशासाठी प्राण दिले. ते सातपाटी, मुरबे, नांदगाव, सालवड आणि पालघर या गावांचे सुपुत्र होते. हुतात्मा स्तंभापुढे आपण नतमस्तक होतो, ते योग्यच आहे. परंतु हीच गावे आज विकासाच्या नकाशांवर निरनिराळ्या रंगांनी रंगविली जात आहेत. ते नकाशे आपल्यापैकी किती जणांनी पाहिले आहेत?

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन आणि नगररचना अधिनियम १९६६ सालचा आहे. या कायद्यानुसार नगरपरिषद विकास आराखड्याचे प्रारूप तयार करते. ते प्रसिद्ध झाल्यावर नागरिकांना हरकती घेण्यासाठी ३० दिवस मिळतात. त्यानंतर नियोजन समितीपुढे सुनावणी होते आणि आराखडा मंजुरीसाठी शासनाकडे जातो. शासन तो जसाच्या तसा मंजूर करू शकते, त्यात फेरबदल करू शकते किंवा परतही पाठवू शकते. फेरबदल सारभूत स्वरूपाचा असेल, तर पुन्हा हरकती मागवाव्या लागतात. २० वर्षांतून किमान एकदा आराखड्याची सुधारणा करणे बंधनकारक आहे. थोडक्यात, लेखणी गावाच्या हाती असली, तरी शेवटची सही मंत्रालयात होते.

ही सही केवळ शिक्कामोर्तब ठरू नये, हा माझा आजचा मुख्य आग्रह आहे. पालघरच्या किनाऱ्यावर एकाच भूमीला अनेक धनी आहेत. शहरापुरती नगरपरिषद आहे. तारापूरच्या औद्योगिक क्षेत्रात औद्योगिक विकास महामंडळ हेच विशेष नियोजन प्राधिकरण आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी जिल्हा झाल्यावर मुख्यालयाचे संकुल सिडकोने उभारले. २०१९ साली मुंबई महानगर प्रदेशाची हद्द वाढली आणि पालघर तालुका त्यात आला. किनाऱ्याला सागरी नियमन क्षेत्राचे नियम लागू आहेत. प्रत्येकाचा नकाशा स्वतंत्र आहे. हे सारे नकाशे एकावर एक ठेवून पाहण्याचा अधिकार राज्य शासनाकडे आहे. त्यानेच तो वापरला नाही, तर तो वापरणार कोण?

तारापूरचा अनुभव आपल्यासमोर आहे. १९६९ साली येथे देशातील पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले, ही अभिमानाचीच गोष्ट आहे. पुढे तिसऱ्या व चौथ्या अणुभट्टीसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली. औद्योगिक वसाहतीने हजारो घरांत चूल पेटविली, हेही नाकारता येणार नाही. परंतु कारखाने आखणीप्रमाणे आले आणि त्यांच्याभोवतीची वस्ती गरजेप्रमाणे पसरली. २०११ च्या जनगणनेने बोईसरला शहर मानले; कारभार मात्र ग्रामपंचायतीच्याच माथी होता. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यांकनात देशातील औद्योगिक समूहांमध्ये तारापूरचा प्रदूषण निर्देशांक सर्वाधिक, म्हणजे ९३.६९ होता. सांडपाणी नवापूरच्या समुद्रात जाते. त्याच समुद्रावर जगणाऱ्या मांगेला समाजाला अखेर हरित न्यायाधिकरणाचे दार ठोठवावे लागले. ११ जानेवारी २०२० रोजी रासायनिक कारखान्यात झालेल्या स्फोटात आठ जणांचा बळी गेला. कारखान्यापासून घर किती अंतरावर असावे, हा प्रश्न स्फोटानंतर चर्चिण्याचा नाही. तो नकाशा मंजूर होण्यापूर्वीच सुटायला हवा.

शेजारच्या डहाणूचे उदाहरण वेगळे आहे. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने हा तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले गेले. त्या प्राधिकरणाने १९९८ साली वाढवण बंदराला नकार दिला आणि ३१ जुलै २०२३ रोजी नव्या प्रस्तावाला अनुमती दिली. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते ७६,२२० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाची पायाभरणी झाली. राष्ट्राला मोठी बंदरे हवीत, याविषयी दुमत नाही. म्हणूनच बंदरामागून येणारे रस्ते, गोदामे आणि वसाहती यांची आखणी अधिक काटेकोर हवी.

छाननी करणाऱ्याने काही साधे प्रश्न विचारलेच पाहिजेत. कोळीवाड्यांच्या सीमा आणि मासळी सुकविण्याच्या जागा नकाशावर आहेत काय? २०२३ साली पापलेटला राज्य माशाचा मान मिळाला. पण पापलेटसाठी नावाजलेल्या सातपाटीच्या होड्यांना जागा राखली आहे काय? पाणी कोठून येणार आणि मैला कोठे जाणार? अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांचे मत पेसा कायद्याच्या भावनेला धरून घेतले काय? अमेरिकेतील कॅलिफोर्नियात १९७६ च्या कायद्यानुसार किनारी नगरांच्या आराखड्यांना राज्याच्या किनारा आयोगाची मान्यता लागते आणि आयोगाच्या बैठका लोकांसमक्ष होतात. आपल्याकडेही शासनाने आपल्या निर्णयाची कारणे लोकांसमोर मांडली, तर अर्धा अविश्वास तेथेच संपेल.

परंतु सारा दोष शासनावर ढकलून आपण मोकळे होऊ शकत नाही. हरकतींच्या ३० दिवसांत किती सुशिक्षित कुटुंबे नकाशा पाहायला जातात? भूखंडाचा भाव आपल्याला तोंडपाठ असतो, शेजारच्या मैदानाचे आरक्षण मात्र ठाऊक नसते. कार्यकर्त्यांनी गावोगावी नकाशा नेऊन तो मराठीत समजावून सांगावा. वकील, अभियंते आणि शिक्षकांनी मुदतीत लेखी हरकती लिहून द्याव्यात. सुनावणीला मच्छीमार, वाडीवाले आणि कामगार एकत्र उभे राहिले, तर त्यांच्याकडे दुर्लक्ष करणे कोणत्याही अधिकाऱ्याला सोपे जाणार नाही.

भूमीला आपण माता म्हणतो. मग तिच्या वाटणीचा कागद न वाचताच दुसऱ्याच्या सहीवर सोडून देणे आपल्याला शोभत नाही.