आधी काट्यावर चढवा

(चंडीगडमधल्या मराठी मंडळींच्या वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान. ध्वनिमुद्रणावरून.)



‘आज जरा वेगळा विषय’ असं सूत्रसंचालक म्हणाले तेव्हा मागच्या रांगेतून एक सुस्कारा आला, तो मला इथवर ऐकू आला. (हशा) काल याच व्यासपीठावर ज्ञानेश्वरी झाली, उद्या हृदयविकार आहे. मधल्या दिवशी मी, आणि विषय काय, तर जुनी जिप्सी उंच करताना पाटे, शॉकअप आणि टायर कसे निवडावेत. हा विषय समितीनेच सुचवला आहे. मी पुढे केलेला नाही, एवढं इतिवृत्तात घ्या.

जिप्सीचा इतिहास सांगत बसत नाही, तो या गावात शाळकरी पोरांनाही पाठ आहे. 1985 च्या डिसेंबरात आली, सुझुकीच्या एसजे-410 ची लांब आवृत्ती, 970 सीसीचं इंजिन. 1993 मध्ये रुंद झाली, 1996 मध्ये 1300 सीसी झाली, पुढे वीसेक वर्षं चालली. फौजेने हजारोंनी घेतली आणि माझी ईएमईतली, म्हणजे फौजेच्या दुरुस्ती शाखेतली, उमेदीची वर्षं तिच्याखाली पाठीवर पडून गेली. पुढे जाऊ.

चंडीगड हे देशातलं बहुधा सर्वांत सपाट, आखीव गाव. रस्ता सरळ, चौक गोल, पदपथ रुंद. आणि याच गावात गाडी जमिनीपासून हातभर वर उचलायची हौस सर्वांत जास्त. आठ-नऊ-दहा-अकरा सेक्टरांच्या गेडी रूटवर, गाड्या फिरवत मिरवायच्या रस्त्यावर, संध्याकाळी उभे राहा. दगड नाही, नाला नाही, चिखल नाही, पण टायर असे की कुंझुम खिंड पुढच्याच सिग्नलला आहे. (हशा) मी हौसेच्या विरुद्ध नाही. मागे बसलेले तरुण लगेच हातांची घडी घालून बसलेत, म्हणून सांगतो. सुटीच्या दिवशी इथून मोरनीला जाणारे आहेत, मनालीवरून ग्राम्फू-बातलच्या दगडांतून स्पितीला जाणारे आहेत. त्यांना उंची लागते. माझं म्हणणं वेगळं आहे, आणि ते मी शेवटी सांगणार होतो, पण आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे झोप लागली तरी नुकसान नाही. दुकानात जाण्याआधी गाडी वजनकाट्यावर न्या. धरमकाट्यावर, जिथे ट्रक चढतात तिथे.

कारण सांगतो. दुकानात काय विचारतात? ‘किती इंच?’ दोन इंच, तीन इंच, शर्टाचं माप घ्यावं तसं. पण पाट्याला इंच कळत नाही. पाट्याला कळतं वजन. त्याच्यावर जेवढं ठेवाल तेवढा तो दबतो, आणि दबून जिथे थांबेल ती तुमच्या गाडीची उंची. दोन इंची म्हणून मिळणारा पाटा कुठल्या वजनाखाली दोन इंच देतो, हा प्रश्न कोणी विचारत नाही. बहुतेक चांगले किट गाडीत कायमचं दोन-अडीचशे किलो सामान धरून बनवलेले असतात. पुढे विंच, मागे जेरीकॅन, छतावर तंबू. ते किट रिकाम्या जिप्सीला घातलं की गाडी ठरल्याहून वर जाते आणि खड्ड्यागणिक लाथ मारते. मग म्हणायचं, जिप्सी आहे, कडक असायचीच.

आता थोडं गणित. इथे पंजाब इंजिनिअरिंग कॉलेजची आणि सीएसआयओची मंडळी बसली आहेत, चुकलो तर टोका. पाट्यांचा कडकपणा पानांच्या संख्येच्या प्रमाणात वाढतो, पण जाडीच्या घनाने वाढतो. सहा मिलिमीटरची पानं काढून सातची घातलीत तर एका मिलिमीटरने काय होतंय असं वाटेल. सहाचा घन 216, साताचा 343. कडकपणा दीडपटीहून जास्त. लांबीचं उलटं, लांबी वाढली की तो घनाने कमी होतो. म्हणून लांब, पातळ आणि जास्त पानांचा पाटा मऊ चालतो. आखूड आणि जाड पानांचा दणके देतो. दुकानदार ‘हेवी ड्यूटी’ म्हणून जे हातात देतो ते बऱ्याचदा दुसऱ्या जातीचं असतं.

आणि काटा का, घरचा अंदाज का नाही? समजा तुम्ही पुढे पोलादी बंपर आणि विंच लावली, मिळून 75 किलो. आपण म्हणतो, पुढच्या पाट्यांवर 75 किलो वाढले. नाही. हे वजन पुढच्या धुरीच्याही पुढे लटकतंय. जिप्सीचा व्हीलबेस 2375 मिलिमीटर. वजन धुरीच्या पुढे 600 मिलिमीटरवर धरा. पुढच्या धुरीवर 94 किलो वाढतात आणि मागची धुरी 19 किलोंनी हलकी होते. सी-सॉ आहे ती. म्हणजे पुढे कडक पाटा हवा आणि मागे उलट थोडा मऊ, आणि दुकानात मिळतो चारही कोपऱ्यांना एकच कडक संच!

(प्रेक्षकांतून : ‘मग काट्यावर दोन धुऱ्या वेगळ्या कशा मोजायच्या?’)

बरं झालं विचारलंत. हा भाग मी दोन मिनिटांत उरकणार होतो, आता उरकणार नाही. (हशा) आमच्या शेजारचा एक तरुण आहे. इथेच बसलाय, नाव सांगत नाही, मान खाली घालू नकोस बाबा. त्याने बाहेरून दोन इंची किट मागवलं. गाडी अशी उंच झाली की त्याच्या आईने आत चढायला प्लॅस्टिकचं स्टूल घेतलं. दणके बसायला लागले तसे त्याने शॉकअप बदलले. तरी बसले, तेव्हा महागडे गॅसचे घातले. त्यानंतर टायरची हवा कमी केली. शेवटी बायको म्हणाली, मी बसने येते. तेव्हा तो माझ्याकडे आला. मी म्हटलं, चल डेराबस्सीकडे.

अंबाल्याच्या रस्त्याला लागलं की धरमकाटे दिसतात. आमच्या पुढे विटांचा ट्रक, मागे भुश्याचा, इतका फुगलेला की चाकं दिसेनात. मध्ये आमची जिप्सी. काट्यावरचा सरदारजी खिडकीतून बाहेर आला, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, ‘माल की है?’ मी म्हटलं, माल नाही, गाडीच मोजायची आहे, आधी पुढची चाकं, मग सगळी गाडी, मग मागची चाकं. त्याला वाटलं मी कोर्टातून आलोय. भुश्यावाल्या ड्रायव्हरला मात्र लगेच कळलं. तो म्हणाला, आम्हीही हेच करतो, एका धुरीवर जास्त झालं की पाटा बसतो. बघा, ट्रकवाल्याला जे कळतं ते लाखभर रुपये खर्चून जिप्सी सजवणाऱ्याला कळत नाही. (टाळ्या. काही तरुणांची नापसंती.)

तर रीत अशी. टाकी पूर्ण भरलेली. प्रवासाला जाताना जितकी माणसं बसतात तितकी बसलेली, सामान जिथे असतं तिथेच. काट्याच्या बाहेरची जमीन काट्याला समपातळीत हवी, उतार असला तर आकडा खोटा. पुढची चाकं, मग पूर्ण, मग मागची. पुढचा आणि मागचा आकडा मिळून पूर्ण वजनाशी जुळला पाहिजे. ट्रकच्या काट्यावर दहा-वीस किलो इकडेतिकडे होतात, तेवढं सोडून द्या. धुरी, चाकं, ब्रेक यांचं वजन पाट्यावर येत नाही, ते त्या त्या धुरीच्या आकड्यातून वजा करा. उरलं त्याचं निम्मं एका पाट्यावर. हा आकडा कागदावर लिहून पाटेवाल्याकडे जा आणि सांगा, इतक्या वजनाखाली मला मूळ उंचीहून दोन इंच हवेत. नीट पाटे करणारा असेल तर त्याला आनंद होईल. नाही झाला तर दुसऱ्याकडे जा. पाट्यांसाठी तुम्हाला परदेशाकडे बघायचं कारण नाही. ट्रकचे पाटे करणारा देशातला फार मोठा कारखाना इथून जवळ, यमुनानगरला आहे. शॉकअपचंही तसंच. आपल्या चाकण-नाशिकला गाड्यांचे शॉकअप करणारी गॅब्रियल इथे परवाणूलाही करते.

त्या मुलाचं पुढे काय झालं विचारताय? काट्यावर कळलं की त्याचं किट ज्या वजनासाठी होतं त्याच्या जवळपासही त्याची गाडी नव्हती. किट काढलं. मग मी त्याचे जुने पाटे उघडायला लावले. मंडळी, जुना पाटा उघडलेला तुम्ही कधी बघितलाय का? मधला बोल्ट सोडला की पानं एकेक सुटतात. दोन पानांच्या मध्ये गंजाची लाल पूड, आणि वरच्या पानाच्या पोटावर, खालच्या पानाचं टोक जिथे घासतं तिथे, बोट फिरवलं तर लागेल अशी खाच. पाटा तुटतो बहुतेक त्याच खाचेवर. एका डोळ्यापासून दुसऱ्या डोळ्यापर्यंत दोरी ताणली आणि मधली कमान मोजली. कमान जवळजवळ गेलीच होती, डावीकडे उजवीहून जास्त, कारण ड्रायव्हर उजवीकडे बसतो पण पेट्रोलची टाकी आणि…

(अध्यक्षांकडून चिठ्ठी.)

अध्यक्षांनी लिहिलंय, ‘शॉकअप आणि टायर बाकी आहेत, वेळ नाही.’ वेळ नाही हे मला मान्य आहे. पण या मुलाचं उत्तर एका वाक्यात असं: पानं साफ केली, वरचं पान बदललं, पुन्हा कमान दिली, नवे बुश घातले, आणि गाडी दीड इंच वर आली. ती नुसती आपल्या मूळ उंचीला परत आली होती! अनेकांना हवी असलेली ‘लिफ्ट’ म्हणजे गंजात गेलेली उंची असते.

आता शॉकअप, घाईने. शॉकअप वजन उचलत नाही. तो उडी आवरतो आणि उडीची उष्णता करतो. म्हणून दणके बसतात तेव्हा शॉकअप बदलणं हे तापाला दात काढण्यासारखं आहे. गाडी उंच केल्यावर त्याची लांबी मात्र बदलावीच लागते, नाहीतर चाक खाली लटकलं की पाट्याऐवजी शॉकअपच ताणला जातो आणि त्याचा डोळा तुटतो. उलट जास्त लांब घेतलात तर रबरी थांब्याआधी तोच तळाला बसतो. चाक पूर्ण वर दाबून आणि पूर्ण खाली सोडून डोळ्यापासून डोळ्यापर्यंत मोजा, मग दुकानात जा. कॅटलॉग त्यानंतर. आणि पुढचे शॅकल लांब करून स्वस्तात उंची मिळवणाऱ्यांनो, दोन इंच लांब शॅकल एकच इंच देतो आणि वर कॅस्टर घटवतो. मग सरळ रस्त्यावर स्टिअरिंग भटकतं.

टायर. गाडी कितीही उंच करा, डिफरन्शियल जमिनीपासून आहे तिथेच राहतं. पाटे शरीर उचलतात, धुरी नाही. धुरी उचलतो फक्त टायर, तोही व्यासाच्या वाढीच्या निम्म्याने. मूळचा 205/70 आर-15, व्यास 668 मिलिमीटर. 215/75 घातलात तर सुमारे 18 मिलिमीटर मिळतात, 235/75 घातलात तर 33. दगडावर गाडी टेकते ती बहुधा तिथेच, म्हणून हे 33 खरे कामाचे. पण किंमत बघा. वेगदर्शक 60 दाखवेल तेव्हा तुम्ही 66 वर असाल. गिअर तितकेच जड होतील. आणि चार हजार मीटरवर हवा इथल्याच्या दोन तृतीयांशच्या आसपास उरते, तिथे तेराशे सीसीचं इंजिन हे ओझं घेऊन चढणार. माझा सल्ला 215. चिखलाचे खडबडीत टायर गेडीवर फक्त गोंगाट करतात आणि ओल्या डांबरावर ब्रेक लांबवतात. टायर जुना पडलेला नाही ना, ते बघायला बाजूवरचे चार अंक वाचा: 3518 म्हणजे 2018 चा पस्तिसावा आठवडा.

(घंटा.)

मागून प्रश्न आलाय, मग उंच करायचंच नाही का? करा. माझ्या मते दोन इंच, टायर धरून तीन. 1993 मध्ये कंपनीने चाकांमधलं अंतर वाढवलं ते गाडी भक्कम उभी राहावी म्हणून. आपण उंची वाढवून ते खाऊन टाकतो. हिचीच चुलतबहीण सामुराई, अमेरिकेत 1988 मध्ये कन्झ्युमर रिपोर्ट्सने उलटण्याच्या धोक्यावरून ‘अस्वीकार्य’ ठरवली. सुझुकी कोर्टात गेली, 2004 मध्ये तडजोड झाली. त्या भांडणात कोण बरोबर ते बाजूला ठेवा, पण ती गाडी कारखान्यातून जशी निघाली तशीच होती, कोणी उचललेली नव्हती. शिवाय कायदा आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 52, आणि 2019 च्या जानेवारीतला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल: कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलात मन मानेल तसा बदल चालत नाही. परिवहन कार्यालयात विचारून घ्या. माझं नाव सांगू नका. (हशा)

हो हो, थांबतो. फक्त तीन गोष्टी, उभ्या उभ्या. पाट्याचे यू-बोल्ट जुने परत घालू नका, आणि नवे थोडं चालवल्यावर पुन्हा आवळा. बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना घट्ट करू नका, चाकांवर उभी राहू द्या, मग करा, नाहीतर रबर कायम पीळ खाऊन फाटतं. आणि ब्रेकची रबरी नळी: चाक पूर्ण खाली लटकवून बघा ती ताणली जात नाही ना. ताणली जात असेल तर लांब नळी घाला, आणि ती घातल्याशिवाय गाडी गॅरेजबाहेर काढू नका. अध्यक्ष महाशय, माईक घ्या.