डोक्याचा मार आणि पेशीतलं भंगार
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



विज्ञानाच्या बाईंनी फळ्यावर काढलेली पेशीची आकृती आठवते? तंतुकणिका म्हणजे ऊर्जाकेंद्र, लयकारिका म्हणजे आत्मघाती पिशव्या. दोन मार्कांसाठी आपण ते घोकलं. बाई, पुढे त्याच दोघींवर माझं पोट चालेल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

आज त्यावर बोलते आहे ते आपल्या वर्गातल्या एकामुळे. परवानगी घेतली आहे, नाव मात्र घेत नाही. मढला बोटीतून उतरताना तो घसरला, डोकं काठावर आपटलं. सीटी स्कॅन साफ आला. तरी पुढे कितीतरी महिने उजेड सहन होईना, साधा डिझेलचा हिशेब केला की थकायचा, घरच्यांवर चिडायचा. लोक म्हणाले, नाटकं करतोय. मीही फोनवर म्हणाले, "रिपोर्ट नॉर्मल आहे ना? मग जा की बोटीवर!" निदान मी तरी असं म्हणायला नको होतं.

स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, मोडलेलं हाड दिसतं. पेशीची दमछाक दिसत नाही. मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्के, पण ऊर्जा तो जवळपास २० टक्के खातो. मार बसला की पेशीत कॅल्शियम घुसतं. तंतुकणिका ते शोषतात आणि त्यात स्वतःच बिघडतात. बिघडलेली तंतुकणिका गप्प पडून राहत नाही. खराब इंजिन धूर ओकतं तशी ती घातक रसायनं सोडते आणि आजूबाजूच्या चांगल्या तंतुकणिकांनाही बिघडवते. म्हणून मार क्षणाचा असला तरी नुकसान तासन्‌तास, कधी दिवसेंदिवस चालू राहतं.

ते थांबवायचं तर भंगार हलवायला हवं. पिंक-१ नावाचं प्रथिन धडधाकट तंतुकणिकेत आत ओढलं जाऊन नष्ट होतं. बिघडलेलीत ते शिरू शकत नाही, दाराशीच साचतं आणि पार्किन या दुसऱ्या प्रथिनाला बोलावतं. पार्किन खूण करतं, पेशी तो माल पडद्यात गुंडाळून लयकारिकेकडे पोचवते. पेशी स्वतःचाच माल असा कसा पचवते, हे यीस्टमध्ये उलगडल्याबद्दल योशिनोरी ओसुमींना २०१६ चं नोबेल मिळालं. आपण ज्यांना आत्मघाती म्हणत होतो, त्या पिशव्या खरं तर पेशीला जगवतात!

उंदरांवरच्या अनेक प्रयोगांत ही सफाई वाढवल्यावर इजा कमी झाली. पण ती अति झाली तर कामाची इंजिनंही भंगारात जातात. माणसांसाठी असं औषध अजून नाही. कुणी विकत असेल तर पैसे वाचवा. भंगार काढलं की नवं इंजिनही लागतं. आपल्याच मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, विदिता वैद्य आणि उल्लास कोल्थूर यांच्या गटांनी २०१९ मध्ये दाखवलं, की सेरोटोनिनमुळे उंदीरवर्गातल्या प्राण्यांच्या मेंदूपेशींत नव्या तंतुकणिका तयार होतात.

डोक्याला मार लागल्यावर पुन्हापुन्हा उलटी, गुंगी, फिट किंवा वाढती डोकेदुखी असेल तर वाट पाहू नका, १०८ ला फोन करा. आणि स्कॅन साफ आला तरी माणसाला एकदोन दिवस विश्रांती द्या, काम हळूहळू वाढवा. बरं होण्याआधी दुसरा मार बसणं फार वाईट.

तो आता पुन्हा बोटीवर जातो. आज इथेच बसलाय. मोठ्या आवाजाने त्याचं डोकं अजून धरतं, तेव्हा जेवताना स्पीकर जरा हळू ठेवा, एवढी आयोजकांना विनंती.